बरणीतली फसफस

शाळा अर्धवट सोडून मी परभणीहून पनवेलला रंगकामाला आलो. रंगवत होतो त्या घराशेजारच्या अंगणात एक म्हातारी, तिच्या सासूने लावलेल्या वेलीची काळी द्राक्षं नाताळच्या वाइनसाठी काढत होती. मदत म्हणून मी अर्धी टोपली धुऊन ठेवली.

"धुतलीस? अरे बाबा, सालीवरच्या पांढऱ्या भुकटीनंच तर वाइन फसफसते!"

तिची वर्षाची वाइन माझ्यामुळे गेली, असं मला वाटलं. तिने मात्र सगळी द्राक्षं कुस्करून एकाच बरणीत भरली.

"घाबरू नको. न धुतलेली हायेत ना, ती धुतलेल्यांनाबी उठवतील."

ती रोज जेवायला वाढायची, पण माझ्या घशाखाली घास उतरेना. घरापासून लांब माणसाला चूक फार मोठी वाटते. मग एके दुपारी तिने माझा कान बरणीला टेकवला. आत बारीक फसफस चालली होती.

"आली का नाय जाग? आता तरी जेव."