दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

कारखान्यात तिला सगळे 'कान' म्हणत. "कान आले का?" असं साहेबसुद्धा विचारायचे, आणि तिला त्याचा राग येत नसे. रेकॉर्ड छापण्याच्या त्या कारखान्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. काचेची एवढीशी खोली, एक टेबल, एक प्लेअर आणि कान दुखवणारे जाड हेडफोन. यंत्रातून निघालेल्या दर पन्नास रेकॉर्डमधली एक तिच्यापुढे यायची. चांगली असली तर उजवीकडे, खराब असली तर डावीकडे. गाणं तिने कधी ऐकलंच नाही म्हणा ना. ती ऐकायची गाण्यातली घाण. एखादा कण, सुईची घसर, खाचेतली बारीक फुसफुस. शंका आली की सुई उचलून दोन खाचा मागे ठेवायची आणि पुन्हा ऐकायची.

"तुझा चेहरा इस्त्री मारल्यासारखा सपाट झाला ना, की मी समजते, गेली डावीकडे," कव्हरं भरणारी मावशी म्हणायची.

आणि एक दिवस तिच्या मुलीचीच रेकॉर्ड तिच्या टेबलावर आली. मुलगी आणि जावेच्या दोन मुली, अशा तिघी बहिणी सोल आणि पॉप गायच्या. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता जमलेले तीन सूर कंपनीने पूर्ण अल्बमभर घेतले होते. फोटोतले तिघींचे चमचमते झगे एकाच ताग्यातले, हिनेच शिवलेले. मावशीने सगळ्या कारखान्याला सांगितलं, "आता पोरगी आईच्या कानाखाली येणार."

दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं संथ होतं. त्यात मुलगी एकटीच गायची, खालच्या पट्टीत, आणि जावेच्या दोघी मागे नुसत्या गुणगुणायच्या. तिसऱ्या ओळीआधी ती श्वास घ्यायची, आणि त्या श्वासात काहीतरी करकरायचं. वाळूवर चप्पल घासावी तसं, इतकं बारीक की दुसऱ्या कुणाला ऐकूही आलं नसतं.

डावीकडे.

साचा बदलला. नव्या साच्यातल्या रेकॉर्डमध्ये तेच, त्याच जागी. पुन्हा बदलला. पुन्हा तेच.

"मुलीची रेकॉर्ड म्हणून जास्तच कान टवकारताय," साहेब वैतागले.

"मुलीची आहे म्हणूनच डाग नको."

या साचे बदलण्यात तीन आठवडे गेले. तोवर तिघी दौऱ्यावर गेल्या होत्या.

शेवटी साहेबांनी मूळ टेप मागवली. दोघांनी मिळून ऐकली. टेपमध्येही तो आवाज होता.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "बघा, आमचे साचे निर्दोष. हा तर पोरीचा श्वास आहे. राहू द्या, बरा वाटतो कानाला."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. हा आवाज आपण आधी ऐकला आहे, हे तिला तेव्हा आठवलं. तिचा नवरा याच कारखान्यात भुकटीच्या शेडमध्ये होता. रेकॉर्डचा काळा माल तिथे कालवला जायचा. रात्री घरी त्याच्या पाठीला तेल चोळताना ती कान लावायची आणि आतून असंच वाळू घासल्यासारखं यायचं. त्यानंतर तो दोन वर्षं टिकला. मुलगी गायला लागायच्या आधी तीन वर्षं त्याच शेडमध्ये होती. साहेबांकडे शब्द टाकून हिनेच तिला तिथे लावलं होतं.

साहेबांच्याच फोनवरून तिने हॉटेलला फोन लावला.

"आई? अगं, सगळं छान चाललंय," मुलगी हसली, आणि हसताना मध्येच थांबली.

"बाळा, खोकला आहे का तुला?"

"जागरणाचा गं. अकराच कार्यक्रम राहिलेत. तू आपली रेकॉर्ड पास कर बघू."

रेकॉर्ड साहेबांनीच पास केली. पुढे ती फार गाजली. इतक्या वर्षांनी आजही लोक ती जपून ठेवतात आणि तिसऱ्या ओळीआधीच्या त्या श्वासाबद्दल हळवे होऊन बोलतात.

पण त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी आई बस धरून कार्यक्रमाच्या गावी गेली आणि सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. संथ गाणं आलं. तिसऱ्या ओळीआधी मुलीने लोकांकडे पाठ फिरवली, आणि जावेच्या दोघींची गुणगुण लांबतच गेली, रेकॉर्डवर होती त्याच्या दुप्पट. लोक खूश होऊन टाळ्या वाजवत होते. झग्याच्या पाठीवरची शिवण खोकल्याने हलत होती, ती हिला मागच्या भिंतीपासूनही दिसत होती.

"कधीपासून?" तिने कपडे बदलायच्या खोलीत विचारलं.

मुलगी आरशात बघून रंग पुसत राहिली. जावेची मोठी खाली बघून म्हणाली, "काकू, तिने आम्हाला शपथ घातली होती."

सकाळी डॉक्टरांकडे मुलगी पाठ उघडी करून बसली. "नुसता खोकला आहे हो. आईला सगळ्यात खोट दिसते," ती डॉक्टरांना म्हणाली.

"लांब श्वास घ्या." डॉक्टरांनी नळी पाठीवर ठेवली. मग उचलून ती दोन बोटं वर सरकवली. पुन्हा त्याच जागी आणली. डोळे मिटले.

आई समोरच्या स्टुलावर बसून नळीकडे नाही, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो हळूहळू सपाट होत गेला.