आरसा पुसणारी वहिनी

आमच्या वहिनीला धुळीचं वेड. माझ्या घरी आली की आधी टीपॉयवरून बोट फिरवणार, मग बोटाकडे बघणार, मग माझ्याकडे. नणंदेचा पाणउतारा करायची हौस, दुसरं काय! या वेडापायीच तिला हवाई दलाच्या शेडमध्ये काम लागलं. विमानाच्या पोटाखाली बसवलेल्या लेझरचा आरसा पुसायचं. तिच्या लेकीला दिवस गेले होते. नातवंडाचं तोंड बघितलं की काम सोडते, असं म्हणायची.

"पुढची लढाई गोळ्यांची नाही, किरणांची," तिथले साहेब सांगायचे. "विमानातून किरण सुटला की समोरचं ड्रोन जळून खाली. आवाज नाही, धूर नाही." वहिनी घरी त्यांची हुबेहूब नक्कल करायची. मात्र आरशावर धुळीचा कण राहिला तर तो किरणाने जळतो आणि आरसा तडकतो, हे सांगताना ती नक्कल करत नसे.

शेडमध्ये डोळ्यांवर हिरवा गॉगल हवाच, असा नियम. पण त्या काचेतून बारीक धूळ दिसत नाही. म्हणून आरसा पुसणाऱ्या सगळ्याच जणी गॉगल कपाळावर सरकवायच्या. साहेबांना ठाऊक होतं. आरसा लख्ख मिळत होता, म्हणून त्यांचीही आळीमिळी गुपचिळी.

एके दिवशी नेम जुळवण्यासाठी लेझर मंद चालू ठेवला होता आणि कुणी तिला सांगितलंच नाही. तो किरण दिसत नाही. वहिनी वाकून आरशात कण शोधत राहिली. काही दुखलं नाही. संध्याकाळी माझ्यासमोर जेवायला बसली आणि म्हणाली, "तुझं नाक कुठे गेलं गं?" मी हसले. नेहमीची थट्टाच वाटली.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मधोमध जळलंय. कडेचं दिसेल, समोर बघाल ते दिसणार नाही. दुकानदाराने साखर संपली म्हणावं, तशी वहिनीने मान हलवली. घरी येताना म्हणाली, "त्या लेझरने अजून एकही ड्रोन पाडलेलं नाही. पहिला नेम माझ्यावर." मला साहेबांचा गळा धरावासा वाटला, पण तेही नुसतं वाटलं. रडूसुद्धा येईना. आत सगळं बधिर.

तिकडे लेक बाळंत झाली. "तिला सांगू नकोस," वहिनीने बजावलं. "ओली बाळंतीण आहे."

काल लेक बाळाला घेऊन आली. वहिनीने नातीला मांडीवर घेतलं आणि तोंड दाराकडे वळवलं.

"आई, इकडे बघ ना. मुलगी झाली म्हणून रुसलीस?"

"बघतेय गं," वहिनी दाराकडे तोंड करूनच म्हणाली. "डावा कान दुमडलाय हिचा. तुझाही असाच होता."

लेकीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वहिनीच्या टीपॉयवरून बोट फिरवलं. बोट धुळीने भरलं.