देवीपुढून उचललेला पाना

आमच्या भुवनाला सायकलवरून उतरवायचा प्रयत्न आजवर बऱ्याच जणांनी केला. आधी तिच्या वडिलांनी, मग माझ्या आईने, मग तिच्या शाळेतल्या एका हेडमास्तरांनी. साडी नेसलेली गणिताची बाई पेडल मारत फाटकातून आत येते, हे त्यांना शिस्तीला धरून वाटत नसे. सगळे थकले, ती अजून सायकलवरच आहे. मी तिचा नवरा सेतुमाधव, तालुका ऑफिसातून रिटायर झालेला. मी कधी प्रयत्न केला नाही, कारण लग्नानंतर लवकरच मला तिचा स्वभाव कळला आणि मी शहाणा माणूस आहे.

भुवनाचं माहेर ओरत्तनाडूचं, नोकरी तंजावरच्या एका मुलींच्या शाळेत. इथे सरकार अकरावीच्या मुलींना सायकली देतं. सायकल मिळते, पण ती चालवायला शिकवणारं घरी कोणी नसतं. मग शाळा सुटली की ही बाई पदर खोचून मैदानात उतरे आणि कॅरियर धरून मुलींच्या मागे पळे. पळता पळता ओरडे, ‘चाकाकडे बघू नको, रस्त्याकडे बघ!’ आज मी बँकेत गेलो की काउंटरमागची बाई आधी ‘टीचर कशा आहेत’ विचारते आणि मग माझं काम करते. आमच्या गल्लीतल्या नर्सनेही तिच्याच हाताखाली तोल सांभाळायला शिकून घेतला. या गावात मला जो काही मान आहे तो बायकोमुळे आहे, आणि तो मी बिनदिक्कत मिरवतो.

रिटायर झाल्यावरही तिचा फेरा सुटला नाही. सकाळी बाजार, मग वेण्णार नदीच्या पलीकडे राहणारी तिची मैत्रीण विजयलक्ष्मी, मनात आलं तर थेट तिरुवैयारु, वाटेतले सगळे नद्यांचे पूल ओलांडून. जाताना सांगत नाही. आल्यावर सांगते, तेही मी विचारलं तर.

यंदा नवरात्राच्या आधी कुरुवैचं, म्हणजे पहिल्या हंगामाचं, भात निघालं आणि नेहमीप्रमाणे शेतकऱ्यांनी ते डांबरी रस्त्यावर वाळत घातलं. त्यावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेने दगड मांडलेले असतात. समोरून बस आली, भुवनाने तिला वाट दिली आणि पुढचं चाक दगडावर आदळलं. भाताच्या राशीत पडली म्हणून वाचली. गुडघा खरचटला, हाताला मुका मार लागला. सायकलचं पुढचं चाक धरणारा चिमटा मात्र असा मागे वाकला की चाक मधल्या नळीला जाऊन टेकलं. कोणीतरी तिला आणि सायकलला टेम्पोतून घरी सोडलं. उतरल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, “भात फार सांडलं नाही.”

ही बातमी चेन्नैला आमच्या मुलाला, गिरीशला, कशी पोचली मला ठाऊक नाही. मी सांगितली नाही, एवढं लिहून ठेवतो. पूजेच्या सुट्टीला तो घरी आला तोच ठरवून आला होता.

“आई, पोदुम. पुरे आता. कोठे जायचं असलं तर मला फोन कर, मी इथे ऑटो पाठवतों.”

“वांगी आणायला चेन्नैला फोन करू की?” भुवना म्हणाली.

हसण्यासारखं होतं, पण ती हसली नाही. कारण गोष्ट सायकलची नव्हतीच. आपल्या मनाने उठून, कोणालाही न विचारता दाराबाहेर पडणारी बाई आता ‘मला जरा सोडता का’ म्हणणारी होणार होती. गिरीश वाईट मुलगा नाही. आईवर जीव आहे त्याचा. पण जीव असलेली माणसंच असं बांधून घालतात आणि त्यांच्याशी भांडताही येत नाही.

शेवटी त्याने तोड काढली. आयुधपूजेला ही सायकल धडधाकट उभी राहिली, हँडल-चाकाला कसलीही खोट नसली, तर राहू दे. नाहीतर जुन्या लोखंडवाल्याशी तो बोललाच होता.

“सरि, चालेल,” भुवना म्हणाली.

त्याला वाटलं आई हरली. गावातला सायकलवाला चिमटा विकायला तयार होता, पण बसवायला त्याची माणसं दसऱ्यानंतर येणार होती. त्याची माणसं येणार नाहीत हे गिरीश आधीच विचारून आला असावा. हिशेबी मुलगा आहे, माझ्यावर गेला आहे. भुवनाने चिमटा, बेअरिंगचे छर्रे आणि ग्रीसची डबी पिशवीत घातली आणि घरी येऊन मागच्या पडवीत जुनी चादर पसरली.

तिने आजवर पंक्चर काढलं होतं, ब्रेक आवळले होते. चिमटा कधी बदलला नव्हता. तरी बसली. चाक काढलं, ब्रेकच्या सळ्या सोडवल्या. हँडलचा वरचा बोल्ट सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवला आणि हातोडीने एक ठोका दिला, तेव्हा आत गच्च बसलेलं हँडल सुटलं. वरचे नट फिरवून काढले तसा वाकडा चिमटा खाली घसरला आणि जुने छर्रे पडवीभर पळाले. ते गोळा करायला मी गुडघ्यावर रांगलो, एवढं माझं योगदान. जुन्या चिमट्यावरची लोखंडी कडी तिने ठोकून ठोकून उतरवली आणि नव्यावर बसवली. हँडलच्या नळीच्या वाट्यांमध्ये ग्रीस भरून त्यांत नवे छर्रे एकेक करून रोवले. संध्याकाळी सायकल उभी राहिली. दिसायला झकास. पण हँडल वळवलं की मध्येच अडकायचं.

गिरीश दारातून बघत होता.

नवमीच्या सकाळी आंघोळ करून ती पुन्हा पडवीत बसली आणि सगळं उघडलं. वाटीतले छर्रे बोटाने एकेक फिरवून पाहिले. मग एकदम मला हाक मारली.

“अहो, हे बघा. जागा दिसली म्हणून काल मी वाटीत एक छर्रा जास्त कोंबला. खच्चून भरले की एकमेकांना घासतात. थोडी फट राहिली तरच फिरतात.” तिने नखाने तो एक छर्रा उपटून काढला. इतका आनंद तिला आमच्या घरच्या बारशा-लग्नांत झालेला मी पाहिला नाही.

ती पुन्हा जोडणी करू लागली. आता इथे माझी कर्तबगारी. इकडे पूजेची वेळ होत आली होती. आयुधपूजेला आम्ही घरात खंडेनवमीच म्हणतो. तंजावरच्या प्रत्येक मराठी घरात पूर्वी तलवार होती असं सगळे सांगतात, ती पाहिलेला कोणी भेटत नाही. म्हणून आमच्या देवीपुढे विळी, कात्री, गिरीशचा लॅपटॉप आणि भुवनाचे पाने मांडतात. कुकरची शिटी झाली, चणे बघायला भुवना आत गेली. मी पडवीतले पाने उचलले, धुतले, गंध-कुंकू लावलं आणि देवीपुढे ओळीने ठेवले. काम झालं असं मला वाटलं. सायकल उभी तर होती.

गिरीश बाहेर आला. पुढचा ब्रेक दाबून त्याने सायकल मागेपुढे ढकलली. आतून टक् असा आवाज आला.

“आई, हलतंय हे.”

“वरचा नट आवळायचा राहिलाय. हाताने नुसता बसवलाय,” भुवना पदराला हात पुसत आली. “अहो, पाना कोठे?”

मी देव्हाऱ्याकडे बोट केलं. तिचा चेहरा उतरला. पूजेत ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा नियम तिला माहीत होता आणि तो घरात सर्वांत कडक पाळणारा मीच. शेजारी मागावा तर साऱ्या गल्लीची हत्यारं देवापुढे. गिरीशने हात झटकले.

“मग झालं की. पूजेला नीट उभी नाही म्हणजे नाही. ठरलं होतं.”

“नियम म्हणजे नियम,” माझ्या तोंडातून निघून गेलं. उभी नोकरी मी हेच वाक्य बोलून लोकांना खिडकीवरून परत पाठवलं होतं. या वेळी समोर बायको होती, आणि बोलल्याबरोबर जीभ चावावीशी वाटली.

भुवना भांडली नाही. हात धुतले, देवीपुढे गेली, नमस्कार केला. “आई, काम उरलंय. आत्ता आणून ठेवत्यें,” असं मोठ्याने सांगितलं आणि दोन पाने उचलले. बाहेर येताना माझ्यापाशी थांबली.

“अर्धं काम टाकून हत्यार तिच्यापुढे ठेवायचं, हे तुम्हाला कोण सांगितलं? तिला काय, पाना बघायचा आहे की झालेलं काम?”

मी दारातून बाजूला होऊन तिला वाट दिली. गंधाची बोटं तशीच असलेल्या एका पान्याने तिने खालची वाटी धरून ठेवली, दुसऱ्याने वरचा नट आवळला. थांबून हँडल वळवून पाहिलं, पुन्हा थोडा आवळला. मग पाने पुसले आणि देवीपुढे जिथल्या तिथे ठेवून आली.

गिरीशने ब्रेक दाबून सायकल हलवली. आवाज नाही. पुढचं चाक उचलून सायकल किंचित कलती केली, तर हँडल आपसूक गुळगुळीत वळलं. त्याने चाक दोन्ही पायांत धरून हँडल पिळून पाहिलं, चाक गरगरा फिरवलं, खाली बसून चिमट्याचे दोन्ही पाय समान आहेत का बघितलं. पोराने कसर ठेवली नाही. मग उठला, गंधाची वाटी घेऊन आला आणि हँडलवर स्वतः तीन बोटं ओढली.

“कोणाकडून करून घेतलंस असं वाटावं इतकं नीट झालंय,” तो म्हणाला. एवढं म्हणायला त्याला किती जड गेलं असेल ते मला कळत होतं.

पूजा झाली. आरती झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. भुवनाने नवी साडी नीट खोचली, सायकलवर बसली आणि लिंबं चिरडत फाटकाबाहेर गेली. आम्हाला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईल. ताटं वाढली गेली, चणे निवले, ती येईना. गिरीश फाटकापाशी येरझारा घालू लागला.

“अप्पा, आई कोठे गेली?”

“मला काय माहीत?” मी म्हणालो. “सांगून गेली नाही.”

आणि हे मी इतक्या मोठ्याने, इतक्या रुबाबात म्हणालो की समोरच्या घरातले लोक बाहेर आले.