मापारीभाऊंची कोळीण

तुमसरच्या आमच्या राईस मिलमध्ये खोटं बोलणं ज्याला जमतच नव्हतं असा एकच माणूस होता, आणि त्यालाच चारचौघांत खोटं पाडण्याचं काम माझ्या हातून झालं. मापारीभाऊ काट्यावर धान मोजायचे. जुन्या रीतीप्रमाणे पहिल्या पोत्याला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. ही सवय अंगात इतकी मुरलेली, की जिन्याची पहिली पायरीही लाभ आणि ताटातली पहिली पोळीही लाभ. शेतकरी त्यांच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबत. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत मी तिथे कारकून होतो.

पावसाळा सरला की फाटकाजवळच्या बेशरमाच्या झुडपांच्या कुंपणात एक मोठी कोळीण, म्हणजे कोळी-किड्याची मादी, जाळं लावायची. पोटावर पिवळे, रुपेरी, काळे पट्टे. नवं लुगडं नेसल्यासारखी. मापारीभाऊ डबा घेऊन तिच्यासमोरच जेवायला बसत. “मोजा जी, बाबूजी,” ते मला म्हणत, “लाभ, दोन, तीन, चार. चारच पाय दिसून राहिले ना? पन हायेत आठ. दोन-दोन जोडून, डोकं खाली करून बसते.” जाळ्यावरची पांढरी, जाड, नागमोडी रेघ ही तिची सही, असं त्यांचं म्हणणं. गवताची काडी लावली तर ती सगळं जाळं असं गदगदा हलवी की स्वतःच दिसेनाशी होई. “राग आला बाईले,” म्हणत ते खूश होत. तिचा एवढासा नवरा जाळ्याच्या कडेला भीतभीत उभा असे. त्याची मात्र त्यांना फार कीव येई. जाळं तुटू नये म्हणून ते बैलगाड्या मागच्या फाटकानं पिटाळत. “बाईसायबाले विचारून या ना भाऊ, आमी जाऊ का नाही?” गाडीवान ओरडत.

ती पहाटे जुनं जाळं खाते आणि उजाडायच्या आत नवं विणते, असं त्यांनी एकदा सांगितलं. मी हसलो. तेव्हा एका पहाटे ते मला कंदील घेऊन तिथे घेऊन गेले, आणि ती एकेक धागा गोळा करून गिळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. उजाडलं तेव्हा नवं जाळं तयार होतं, सहीसकट.

त्याच आठवड्यात मागच्या फाटकावरची गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली आणि मिलचे शेठ बाहेर आले. “मापारी, धान मोठं का कोळी मोठा?” मापारीभाऊ समजावू लागले. जाळं खाण्यापर्यंत आले तशी सगळी रांग हसली. ते माझ्याकडे वळले. “बाबूजीनं पायलं. सांगा ना जी.”

“मी काही पाहिलं नाही,” मी म्हणालो. खरं बोललो असतो तरी नोकरी जाणार नव्हती. लोक मलाही हसले असते, एवढंच.

कुंपण त्याच दुपारी छाटलं गेलं. दुसऱ्या दिवशी काट्यावर एक शेतकरी म्हणाला, “भाऊ, पुन्हा मोजा. तुमाले नाही तेबी दिसते.” असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी सगळी पोती पुन्हा काट्यावर चढवली. लाभ, दोन, तीन... आवाज पार खाली गेलेला. वजन तेवढंच भरलं. संध्याकाळी मला म्हणाले, “मले राग नाही जी. पन तुमी पायलं होतं.”

पुढे एका पुस्तकात मला तिचं चित्र दिसलं. जाळं खाते, हेही खाली छापलेलं. तोवर मापारीभाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती.

यंदा आमच्या परसातल्या लिंबोणीवर तशीच एक आली आहे. मी तिच्यासमोर उभा राहून पाय मोजतो. “कोनासंग बोलून राहिले जी बाबा?” सून दारातून विचारते. मी तिला सांगतो, ही आपलं जाळं खाते, मी स्वतः पाहिलं आहे. ती पदर तोंडाला लावून हसते, शेजारणीलाही बोलावते. मी पुन्हा सांगतो. हसू देत.