वाखाचा पत्रा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही.

मी जालन्याजवळ एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, रेझिनमध्ये बसवून छताचे पत्रे करायचं वेड मला लागलं होतं. वाख द्यायच्या बदनापूरकडच्या शेवंताकाकू. अंबाडी पाण्यात भिजत घालायची, कुजली की सोलायची, धोपटायची, दोर वळायचे — यातच त्यांचा जन्म गेलेला. त्यांच्या वाखाचा पत्रा मशीनवर ओढला, वाकवला, गडी हटेना. मी हवेतच होतो.

मग एक पट्टी ओव्हनमध्ये ठेवली. मे महिन्यात आपल्याकडे छप्पर जेवढं तापतं, तेवढ्याच उष्णतेत. तासाभरात ती मधोमध लोंबली. वाखाला काही झालं नव्हतं. रेझिन मऊ पडलं होतं, आणि ते निवडलं होतं मी. मग मी काय केलं? पट्टी कपाटात टाकली आणि अहवालात फक्त ताकदीचे आकडे लिहिले.

काकूंचे मालक लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. टिनपत्र्याखाली भाजून निघायचे. म्हणून टिन काढून त्यांच्या खाटेवरच्या छपराला माझे पत्रे टाकायचं ठरलं. "सर, उन्हाळ्यात टिकंल ना बराबर?" काकूंनी विचारलं. मी म्हणालो, "बिलकुल." का म्हणालो? भीती, हौस — काय नाव देऊ त्याला?

मे महिन्यात पत्रे झोळीसारखे झाले. एक भर दुपारी खाली आला. मालकांना लागलं नाही, पण ज्याला कूसही बदलता येत नाही असा माणूस त्याखाली हाका मारत पडून राहिला. काकू रानात होत्या.

मी धावत गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो — खरंच. पण काकूच हात जोडून उभ्या. "माझंच चुकलं सर. अंबाडी एक दिस आधीच काढल्ती पाण्यातून. मंग वाख कच्चा राह्यला."

आणि मी — मी मान डोलावली.

त्या वर्षापासून काकूंनी अंबाडी पेरली नाही. मालकांच्या डोक्यावर पुन्हा टिन आलं. बाजारात भेटल्या की अजूनही त्या एका दिवसाच्या घाईबद्दल बोलतात. दर वेळी मी तोंड उघडतो आणि तब्येत विचारतो.

त्यांचा वाख पक्का होता. हे आता तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांना नाही.