मशीनचा कूलर

धारूरच्या घाटाखाली आमची सहकारी डेअरी होती आणि दुधाच्या पिशव्यांवर तारीख छापणारं इंकजेट मशीन माझ्याकडं होतं. त्याचं नोझल केसाएवढं बारीक. उन्हानं शाई घट्ट झाली की ते तुंबायचं, आणि मशीन बंद ठेवलं तर शाई आतच वाळून बसायची.

दुष्काळात कुणाची जनावरं छावणीत गेली, कुणी विकली आणि डेअरीत दूध यायचं थांबलं. तरी मी रोज मशीन चालवायचो, रिकाम्या पिशव्यांवर त्या दिवसाची तारीख छापायचो आणि त्या कचऱ्यात टाकायचो. टँकर आला की आधी मशीनच्या खोलीतला कूलर भरायचा, असा चेअरमनचा हुकूम होता. असल्या माणसाला आम्ही दर निवडणुकीत हार घालत होतो.

एके दुपारी आमच्याकडं कायम दूध घालणारी एक म्हातारी घागर घेऊन दारात आली. तिची एकुलती म्हैस अजून गोठ्यात होती. म्हशीपुरतं पाणी ती मागत होती. चेअरमन कूलरसमोरच्या खुर्चीतून उठलेही नाहीत.

"मावशे, म्हस इकता येती. हे मशीन कोण घेतंय?"

"मशीनला लई तहान लागती का, सायेब?"

चेअरमन हसले, म्हणून शेजारी बसलेले संचालकही हसले. म्हातारी रिकामी घागर घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हैस घेऊन आमच्या फाटकासमोरून बाजाराला निघाली. मी नोझल पुसलं, रिकामी पिशवी लावली आणि तारीख छापली. तारखेचा एकही ठिपका सुटला नव्हता.