अकरा दिवसांचं दुखणं

प्रयोगशाळेच्या मागच्या शेडमध्ये काकांनी एकवीस वर्षं मेंढ्या सांभाळल्या. मेंढीच्या गुडघ्यातली थोडी कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, खरवडून काढायची, तिथे जनावरांच्याच ऊतींपासून बनवलेली मऊ चकती बसवायची आणि ती रुजते का ते सहा महिने बघायचं, असं तिथलं काम. मेंढी किती लंगडते, ते काका रोज सकाळी शून्य ते चार अशा आकड्यांत वहीत लिहीत. त्यांचेही गुडघे कुरकुरायचे. मलाही एक चकती बसवा, मी चाराही कमी खातो, असं ते प्रयोग करणाऱ्या डॉक्टरबाईंना म्हणायचे.

एक नियम कडक होता. सलग दोन दिवस तीनचा आकडा पडला, की त्या मेंढीला सुई देऊन कायमचं झोपवायचं. हाल लांबवायचे नाहीत.

सात नंबरच्या मेंढीला काका म्हातारी म्हणत, कारण ती दात नसल्यासारखी चघळत बसायची. चौथ्या महिन्यात एका सकाळी तिने मागचा पाय टेकलाच नाही. काकांनी तीन लिहिले. दुसऱ्या दिवशीही पाय अधांतरीच. पण काका वहीत तीनऐवजी एक लिहून मोकळे झाले. डॉक्टरबाई परगावी होत्या. चार दिवसांत सावरेल, अशी काकांनी मनाची समजूत घातली. खाली जाड भुसा पसरला, पाणी तोंडाशी नेऊन ठेवलं. म्हातारी उठेनाशी झाली, तरी वहीत एकचाच आकडा पडत राहिला.

अकराव्या दिवशी बाई परतल्या आणि शेडच्या दारातच थबकल्या. त्यांनी लगेच सुई दिली. सांधा उघडला, तर चकती निसटून समोरचं हाड पार घासून निघालं होतं.

"काका, हे एका दिवसातलं नाही."

काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. तिचा जीव वाचावा म्हणून केलं, म्हणाले.

"जीव वाचला नाहीच. अकरा दिवस दुखत मात्र राहिलं."

वहीवरचा भरवसाच उडाला. त्या तुकडीतल्या आठही मेंढ्यांच्या नोंदी बाद झाल्या, नव्या आठ आणून सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. काका एकीला वाचवायला गेले आणि आणखी आठजणींना यात ओढून आणलं.

नोकरी राहिली, वही दुसऱ्याकडे गेली. घरी बायको म्हणाली, एवढं मनाला लागलंय तर सोडून द्या.

"आणि त्या मेंढ्यांकडे बघणार कोण?" काका म्हणाले.

नव्या मेंढ्या आल्या. काकांची थट्टामस्करी बंद झाली. तिसऱ्या महिन्यात पाच नंबरच्या मेंढीने पाय उचलून धरला. लिहिणं आता त्यांचं काम नव्हतं, पण दुसऱ्या सकाळीही तिने पाय टेकला नाही, तेव्हा त्यांनीच बाईंना फोन केला. सुई देताना तिचं डोकं मांडीवर घेऊन ते बसले. मग तिचा कप्पा धुतला, कोरडा केला आणि बाहेरून कडी घातली.